दोराने कोरलेला पूल

आपल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या मागच्या बैठकीत एकाने विचारलं होतं, ब्रिटिश लेआउटवर, म्हणजे ब्रिटनमधल्या रेल्वेच्या छोट्या देखाव्यावर, कालव्याचा पूल करायचा तर सुरुवात कुठून करायची? विटांच्या छापील कागदापासून, असं उत्तर बहुतेक जण देतील. मी म्हणतो, दोरापासून करा.

तिथले जुने कालवे घोड्यांचे. घोडा काठावरच्या टोपाथवरून चालायचा, मागे लांब दोराने होडी ओढायचा, आणि पूल कसा असावा हे त्या दोराने ठरवलं. टोपाथ सहसा पुलाखालूनच जातो, म्हणून पाणी कमानीच्या मधोमध नसतं, एका बाजूला सरकलेलं असतं. आपण नेमके इथेच फसतो. मधोमध निळी पट्टी रंगवून मोकळे होतो, आणि घोड्याला पाय ठेवायला जागा उरत नाही! शिवाय पुलाखाली कालवा अरुंद होतो. नॅरोबोट, म्हणजे या कालव्यांवरची अरुंद होडी, साधारण 7 फूट रुंद. ओओ या मॉडेलच्या स्केलमध्ये खऱ्या फुटाला 4 मिलिमीटर धरले तर 28 मिलिमीटर. त्याहून थोडी मोकळीक ठेवली की झालं.

आता कमानीची टोपाथकडची कड बघा. ओला, मातीने माखलेला दोर वर्षानुवर्षं घासून विटा-दगडांत खाचा पडल्या. कड वाचवायला लोखंडी पट्ट्या ठोकल्या, तर दोराने त्याही कापल्या. मी आधी या खाचा कानशीने पाडायचो. दिसायच्या कंगव्याच्या दातांसारख्या. मग जाड दोरा ओला केला, बारीक वाळूत फिरवला आणि प्लास्टरच्या कडेवर तिरका ओढत बसलो, घोडा जाईल त्या दिशेने. खाच बाहेर पसरट आणि आत गुळगुळीत उतरली. अशा तीन-चार पुरेत, पण उंची वेगवेगळी ठेवा.

1831 साली सुरू झालेल्या मॅकल्सफील्ड कालव्यावर टोपाथ काठ बदलतो, तिथे पुलाचा उतार वळसा घेऊन त्याच कमानीखाली येतो. घोडा पलीकडे पोचतो, दोर सोडावा लागत नाही. स्ट्रॅटफर्डच्या कालव्यावर तर पुलाचे दोन लोखंडी अर्धे, मध्ये दोर जाईल एवढीच फट. पहिला पूल करणाऱ्याने मात्र या वळशाच्या नादी लागू नये.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. रंग मातकट हिरवा, लाटा नकोत, वॉर्निशचे पातळ थर द्या. कालवे बांधणाऱ्या ब्रिंडली या इंजिनिअरने कालव्याला तुडवलेल्या चिकणमातीचं अस्तर दिलं होतं; मी फळीची फटही बुजवली नाही. रात्री पाणी म्हणून रेझिन ओतलं, सकाळी कालवा जमिनीवर.

आणि आपण रेल्वेवाले, म्हणून एक शेवटचं. लंडनच्या रीजंट्स कालव्याच्या काठाला काही ठिकाणी पाण्यात उतरणारे छोटे उतार आहेत. गाडीच्या आवाजाने बुजलेला घोडा पाण्यात पडला, तर त्याला चालत वर येता यावं म्हणून केलेले. तुमचा रूळ कालव्याच्या डोक्यावरून जात असेल, तर एवढा उतार कराच.