रात्री अडीचनंतर

श्रोतेहो, नमस्कार. वर्षानुवर्षं नवऱ्याचा मार खाल्लेली बाई आणि त्याच नवऱ्याच्या खुनाचा तिच्यावर आळ, अशा थरार कादंबऱ्या वाचनालयात हातोहात जातात. त्या चवीनं वाचणाऱ्यांना आणि लिहू पाहणाऱ्या सोलापूरकरांना आज एकच गोष्ट सांगायची आहे. या कथेतला सगळा संशय मधल्या वेळेवर उभा असतो. शेवटची धमकी आणि तिचा उठलेला हात, या दोन्हींच्या मधला वेळ.

किरणजित अहलुवालियाचंच घ्या. इंग्लंडमधल्या क्रॉलीत राहणारी पंजाबी बाई, दोन मुलांची आई. लग्नाला दहा वर्षं आणि माराचीही दहा वर्षं. कोर्टानं नवऱ्याला दोनदा मनाई हुकूम बजावला, मार थांबला नाही. मे १९८९. रात्री नवरा घरी आला, पैसे मागितले, मारण्याची धमकी दिली. मला झोपू दे, नाहीतर या इस्त्रीनं तोंड भाजीन, म्हणाला. ती मध्यरात्री अंथरुणाला पाठ टेकून पडली, पण डोळा लागेना. अडीचनंतर उठली, खाली गेली. काही दिवसांपूर्वीच आणून ठेवलेलं पेट्रोल बादलीत ओतलं, गॅसवर मेणबत्ती पेटवली आणि वर गेली. त्याच्या खोलीला आग लावून ती मुलाला कपडे घालायला गेली. शेजारी धावत आले तर दार बंद. खिडकीत ती मुलाला कवटाळून उभी, चेहरा शांत. बाहेर ये, म्हणून ते ओरडले. तिनं खिडकी उघडली, "मी नवऱ्याची वाट बघतेय" म्हणाली आणि खिडकी पुन्हा लावून घेतली.

काही दिवसांनी नवरा दगावला. तो मधला वेळ, ते आधी आणलेलं पेट्रोल, तो शांत चेहरा, सगळं तिच्यावर उलटलं. खुनाचा गुन्हा शाबीत, जन्मठेप. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संघटनेनं तिची बाजू लावून धरली. १९९२ मध्ये अपिलात ती शिक्षा रद्द झाली. तिच्या नैराश्याचा वैद्यकीय पुरावा पहिल्या खटल्यात पुढे आलाच नव्हता. पुढे खुनाहून सौम्य अशा सदोष मनुष्यवधाची कबुली मान्य झाली, आणि भोगलेल्या तुरुंगवासावरच ती सुटली. तिकडचा कायदाही नंतर बदलला. चिथावणीमुळे खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरायचा, तर संयम सुटणं 'अचानक'च असलं पाहिजे, ही अट २०१० पासून उरली नाही.

आपल्याकडे ती अट आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ च्या, म्हणजे खुनाच्या कलमाच्या, पहिल्या अपवादात 'गंभीर आणि अचानक' चिथावणीच लागते. म्हणून पुन्हा सांगतो, मधला वेळ. तुमच्या नायिकेचा वकील त्याच तासांवर झगडेल.

आता लिहिणारे चुकतात कुठे? इन्स्पेक्टर चौकीत दरडावतो, बाई कबूल करते, कादंबरी संपते. पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. त्यासाठी मॅजिस्ट्रेटपुढचा जबाब लागतो. दुसरी चूक, रात्रीची अटक. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर प्रसंग अपवादात्मक हवा, महिला पोलीस अधिकारी हवी आणि मॅजिस्ट्रेटची आगाऊ परवानगीही.

खरा धागा सापडतो सरकारी दवाखान्याच्या जुन्या केसपेपरात. 'बाथरूममध्ये पाय घसरून पडली', हे तिनंच सांगितलेलं असतं, कारण नवरा शेजारी उभा असतो. तेच वाक्य पुढे सरकारी वकील तिला वाचून दाखवतो. डॉक्टरनं मात्र खाली माराच्या वळांचे रंग लिहिलेले असतात. एक निळसर, एक हिरवट, एक पिवळा पडलेला. एकदाच पडलेल्या बाईच्या अंगावर इतक्या वेगळ्या रंगांचे वळ कसे, हे तिच्या वकिलाला विचारता येतं.

आणि साक्षीदार हवा असेल तर आपल्या सोलापूरचा पूर्व भाग आहे. यंत्रमागांच्या खडखडाटात भिंतीपलीकडची किंकाळी ऐकू येत नाही. पण वीज गेली की सगळे माग एकदम थांबतात. त्या शांततेत शेजारणीनं काय ऐकलं, तिथून पहिलं प्रकरण सुरू करा.