खोडदच्या डिश आणि त्या चालवणारी माणसं

ही डिश वळतेय बघा, नीट लक्ष दिल्याशिवाय कळणार पण नाही इतकी सावकाश. 45 मीटर व्यास. अशा एकूण 30 आहेत, जुन्नर तालुक्यात खोडदला, नारायणगावच्या जवळ. 14 डिश मध्यभागी एका चौरस किलोमीटरात, बाकीच्या 16 तीन दिशांना वाय आकारात पसरलेल्या, शेतांच्या मधून, पार 25 किलोमीटरपर्यंत.

याचं नाव जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडणारी दुर्बीण. अंतराळातलं करिअर म्हटलं की मुलं इस्रो नाहीतर नासा म्हणतात, पण पुण्यापासून 80 किलोमीटरवर हे काम रोज चालतं, हे आपल्याच शाळांमधून सांगितलं जात नाही.

आता ही जाळी जवळून बघा. स्टीलची बारीक तार, जेमतेम अर्धा मिलिमीटर, दोरांवर ताणून बसवलीय, पत्रा नाहीच कुठे. इथे पकडतात त्या रेडिओ लहरींची लांबी 20 सेंटिमीटरपासून मीटर-दोन मीटरपर्यंत, तिच्यापुढे ही भोकं किरकोळ, लहर जाळीवरून परावर्तित होते आणि वारा मात्र आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्च खूप वाचला. ही आयडिया गोविंद स्वरूप यांच्या टीमची. 1960 च्या दशकात ते परदेशातून मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत आले, पहिली दुर्बीण उभारली आपल्या कल्याणला, 32 छोट्या डिशची, सूर्य बघायला. मग 1970 ला ऊटी, तिथे डोंगराच्या उतारावरच 530 मीटर लांबीची दुर्बीण बसवली. आणि मग खोडद.

वर चढलेले हे टेक्निशियन बघा. डिश फिरवणाऱ्या मोटरी, गिअर, गंज काढून रंग देणं, रिसीव्हरची दुरुस्ती, फायबरचं जाळं, हे सगळं सांभाळल्याशिवाय शास्त्रज्ञाच्या स्क्रीनवर काहीच येत नाही. हे मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं काम, आयटीआय-डिप्लोमावाल्यांचं सुद्धा, आणि माझ्या मते हे खगोलशास्त्रच आहे. वारा जोरात सुटला की सगळ्या डिशची तोंडं वर आकाशाकडे करून ठेवायची, हा निर्णय या कंट्रोल रूममधून होतो, रात्री-अपरात्री कधीही, इथे कोणीतरी ड्युटीवर असतंच.

2016 च्या ऑक्टोबरमध्ये युरोपचं शियापरेली यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याचा क्षीण सिग्नल इथे खोडदला पकडला होता. यान आदळलं, ते वेगळं.

फिजिक्सवाल्यांना पीएचडीसाठी जेस्ट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा किंवा टीआयएफआरची परीक्षा, मग एनसीआरएचा, म्हणजे ही दुर्बीण चालवणाऱ्या टीआयएफआरच्या पुण्यातल्या केंद्राचा, इंटरव्ह्यू. इंजिनिअर-टेक्निशियनच्या जागा एनसीआरएच्या वेबसाइटवर निघतात, बघत राहा.

आणि ही गर्दी विज्ञान दिनाची, 28 फेब्रुवारीच्या सुमाराची. गावोगावच्या शाळांची पोरं स्वतः बनवलेली मॉडेल घेऊन येतात. एवढंच की मोबाइल बंद ठेवायचा, कारण आकाशातून येणाऱ्या सिग्नलपुढे तुमच्या फोनचा सिग्नल प्रचंड मोठा असतो.