सही जुळतेय तोवर

नमस्कार मंडळी. विषय दिलाय डिमेन्शियाचे, म्हणजे स्मृतिभ्रंशाचे टप्पे, ते सांगणारच आहे, पण आधी बँकेचं सांगते, कारण इथल्या बऱ्याच जणांचं घोडं तिथेच अडलं असणार.

आमच्या सासूबाईंचं पेन्शनचं खातं त्यांच्या एकटीच्या नावावर. शाळेत बाई होत्या, अक्षर मोत्यासारखं. आजार वाढला तशी सही बदलत गेली, आधी शेवटची वेलांटी गळाली, मग आडनाव अर्ध्यातच थांबायला लागलं. चेक परत आला. बँक म्हणाली त्यांनाच घेऊन या. मग काय, रिक्षा करून नेलं, नौपाड्यातलं ते ट्रॅफिक, त्या सारख्या दार उघडायला बघतायत. काउंटरवर विचारलं, "आजी, नाव काय तुमचं?" त्यांनी ताठ मानेने माहेरचं नाव सांगितलं, गावासकट! खोटं काहीच नव्हतं हो त्यात. मेंदूतला नव्या आठवणी साठवणारा भाग, हिप्पोकॅम्पस, अल्झायमर या डिमेन्शियाच्या प्रकारात लवकर झिजतो, म्हणून सकाळचा चहा विसरतात आणि लहानपणचं अंगण लख्ख आठवतं. मॅनेजर म्हणाले मुखत्यारपत्र आणा, म्हणजे त्यांच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद. वकील म्हणाले, आता होणार नाही, आणि आधी केलेलं असतं तरी कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम 201 प्रमाणे माणसाला व्यवहार कळेनासा झाला की ते संपतं, आता हायकोर्टातून पालक नेमून आणा. इकडे डायपर, औषधं, रात्रीच्या मावशी, आणि पैसे खात्यात पडून! माझा राग बँकेवर नाही तेवढा. निदान झालं त्या दिवशी गोळ्यांच्या चिठ्ठीवर कुणी एक ओळ लिहिली नाही, की कागदपत्रं आत्ताच उरका.

निदान झालं म्हणजे सगळं कळणं संपलं असं नसतं. पहिल्या टप्प्यात बऱ्याच जणांना स्वतःचा व्यवहार नीट कळतो. तेव्हाच, त्यांना विचारून, जॉइंट खातं, नॉमिनी, डॉक्टरांच्या सर्टिफिकेटसह मृत्यूपत्र करून घ्या.

सातला इथे भजनी मंडळ आहे, त्यामुळे पुढचं भराभर सांगते. मधला टप्पा बहुतेकदा सगळ्यात लांब. संध्याकाळ झाली की "मला घरी जायचंय", बाहेर निघून जाणं, चोरीचा आळ. आळ सुनेवर नाहीतर मावशींवरच येतो, कारण जवळ त्याच असतात. वाद घालू नका, सोबत शोधायला लागा. त्यांच्या खिशात फोन नंबर ठेवा. आणि एक-दोन दिवसांत एकदम बिघडलं तर तो पुढचा टप्पा समजून बसू नका, लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, नवीन औषध, काहीही असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

शेवटी चालणं, बोलणं, मग गिळणं जातं. अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया, म्हणून बसवून, छोटे घास, घाई नाही. नाकातून नळी घालायची का हे तुम्हाला विचारतील. या टप्प्यावर नळीने आयुष्य वाढतं असा पुरावा नाही, हाताने सावकाश भरवणंच बरं. पण हेही त्यांना कळतंय तोवरच विचारून लिहून ठेवा. अशा लेखी इच्छेला सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये मान्यता दिलीय, आणि 2023 पासून ती नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरसमोर करता येते, मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही. हं, आता प्रश्न विचारा.