प्लॅन १००चा, बेडरूममध्ये १८: नाशिकच्या घरांत नेट कुठे अडकतं?

[दृश्य: इंदिरानगर, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. आतल्या खोलीत फोनवर स्पीड टेस्ट सुरू.]

निवेदन:
प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे आणि आतल्या बेडरूममध्ये फोनवर १८ दिसतात. पहिला फोन कंपनीला जातो. चार दिवस वाट पाहून मग कोणीतरी सुचवतं, मोठा प्लॅन घ्या. २००चा प्लॅन येतो, महिन्याचं बिल वाढतं आणि त्याच बेडरूममध्ये पुन्हा १८च दिसतात. प्लॅन कधी कमी पडलाच नव्हता. हॉल आणि बेडरूम यांच्या मधल्या भिंतींनी वेग खाल्ला होता.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी, काहीही बदलण्याआधी एकच प्रश्न सोडवायचा: खोट राउटरच्या अलीकडे आहे की पलीकडे? अलीकडे म्हणजे तुमचं घर, पलीकडे म्हणजे कंपनीची लाइन.

[दृश्य: लॅपटॉपला लॅन केबल जोडणारे हात.]

त्यासाठी लॅपटॉप आणि दोन मीटरची चांगली लॅन केबल लागते. केबल राउटरच्या लॅन पोर्टमध्ये लावा आणि लॅपटॉपचं वायफाय बंद करा. ते चालू राहिलं तर तुम्ही नक्की काय मोजताय हे कळणारच नाही. घरातले बाकीचे फोन, टीव्ही, कॅमेरे थोडा वेळ नेटवरून काढा. मग मोजा. एकदा सकाळी सहाला, एकदा दुपारी, एकदा रात्री नऊला. आकडे तारीख-वेळेसकट वहीत लिहून ठेवा, पुढे लागणार आहेत.

स्पीड टेस्टचं अ‍ॅप बहुतेक वेळा जवळचा सर्व्हर आपणहून निवडतं आणि तो कित्येकदा तुमच्याच कंपनीचा असतो. त्यावर दिसणारा आकडा कंपनीच्या दारापर्यंतचा. एकदा मुंबईतला दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर हाताने निवडा, एकदा फास्ट डॉट कॉमवर बघा. आणि एककाची गल्लत नको. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, फाइल उतरताना संगणक मेगाबाइट दाखवतो. आठ बिटांचा एक बाइट, त्यामुळे १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच्या वर फाइल उतरूच शकत नाही. अकरा-साडेअकरा दिसले तर लाइन ठणठणीत आहे.

केबलवर तिन्ही वेळा पूर्ण वेग मिळाला, तर लाइनमनला बोलावून उपयोग नाही. दोष वायफायचा आहे. केबलवरही वेग कमी आला, तर पुढचा शोध वेगळ्या दिशेने.

एक आकडा मात्र लगेच ओळखू यावा: ९४. प्लॅन २०० किंवा ३००चा आणि केबलवर दरवेळी ९३-९४च, ना कमी ना जास्त, तर कुठेतरी जोडणी १०० मेगाबिटवर अडकली आहे. एखादं पोर्टच तेवढ्याचं असतं, नाहीतर केबल दुखावलेली असते.

[दृश्य: क्लोजअप. क्रिम्पिंग टूल, कापलेली लॅन केबल, उलगडलेल्या आठ तारा.]

केबलच्या आत तारांच्या चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला त्यातल्या दोनच पुरतात, केशरी आणि हिरवी. गिगाबिटला, म्हणजे १००० मेगाबिटला, चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार तुटली तरी नेट बंद पडत नाही. बहुतेक उपकरणं गुपचूप १००वर उतरतात. त्यामुळे हा दोष वर्षानुवर्षं लपून राहतो. दाराच्या फटीत चेपलेली केबल, फर्निचरच्या पायाखाली आलेली केबल, खिळा ठोकताना टोचलेली केबल, सगळ्यांची हीच गत.

केबलच्या टोकाला नवा कनेक्टर बसवताना डावीकडून क्रम असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी जोडी येते, ती चूक नव्हे. पुष्कळ जण सोपं म्हणून जोडीला जोडी लावत जातात: केशरी, मग हिरवी, मग निळी, मग तपकिरी. टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागतात आणि काम झालं असं वाटतं. पण तिसऱ्या आणि सहाव्या पिनवर एकाच पिळाच्या तारा राहत नाहीत, एका जोडीचा गोंगाट दुसरीत शिरतो आणि वेग कोसळतो. टेस्टर फक्त तार सलग आहे का ते सांगतो, पीळ बरोबर आहे का हे त्याला कळत नाही. पीळही अर्ध्या इंचाहून जास्त उकलू नका आणि बाहेरचं आवरण कनेक्टरच्या चिमट्याखाली दाबलं गेलंच पाहिजे.

केबल विकत घेताना तार ब्लेडने खरवडून बघा. आत तांबूस दिसलं तर तांबं. चांदीसारखी चकाकी आली तर वर तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. ते वाकवताना लवकर तुटतं आणि लांब अंतरावर दगा देतं.

[दृश्य: जुनं नाशिक. वाड्याची जाड भिंत, ओसरी, माजघर. मग कॉलेज रोडवरचा नवा फ्लॅट.]

आता वायफाय. भद्रकालीच्या, तांबट लेनच्या बाजूला अजून जे वाडे उभे आहेत, त्यांच्या विटा-दगड-मातीच्या भिंती फूट-दीड फुटाच्या. ओसरीतल्या राउटरची पाच गिगाहर्ट्‌झची वेगवान पण भिंतींत लवकर विरणारी लहर माजघरापर्यंत कशीबशी येते, मागच्या खोलीत संपते. नव्या फ्लॅटमध्ये भिंती पातळ असतात, पण कॉलममध्ये लोखंडी सळ्या आणि बाथरूमच्या भिंतीत पाण्याचे नळ. कपाटाचा मोठा आरसा तर लहर थेट परतवतो. घराचा नकाशा डोळ्यांसमोर आणा आणि राउटरपासून बेडरूमपर्यंत सरळ रेघ ओढा. ती रेघ बाथरूममधून किंवा फ्रिजमधून जात असेल, तर उत्तर तिथेच आहे.

राउटर मात्र जिथे फायबर घरात शिरली तिथेच बसवला जातो. हॉलच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या मागे, बंद कपाटात. आलेला मुलगा म्हणतो, "ताई, हा डबा मध्यावर घेतला तर आत रेंज मिळेल." ताई म्हणतात, "दादा, पण वायर पुरायची नाही ना." वायर पुरवायची गरजही नाही. कंपनीचा डबा आहे तिथे राहू द्या. त्याच्या लॅन पोर्टमधून दहा-पंधरा मीटर केबल घराच्या मध्यापर्यंत न्या आणि तिथे दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट (केबलमधून आलेलं नेट वायफायवर पसरवणारा डबा) म्हणून लावा. त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा (पहिल्याचा १९२.१६८.१.१ असेल तर), त्यातलं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा, केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरून येणाऱ्या लाइनसाठीच्या) न लावता लॅन पोर्टमध्ये लावा. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे तोच ठेवा, चॅनल वेगळा. घरात जुना राउटर पडून असेल तर खर्च फक्त केबलचा.

रिपीटर हा दुय्यम मार्ग. एकाच रेडिओवर ऐकणारा आणि त्याच रेडिओवर पुढे बोलणारा रिपीटर निम्मा वेग तिथेच खातो. आणि लोक तो लावतात जिथे रेंज नाही तिथे! रिपीटरला स्वतःला चांगली रेंज मिळाली पाहिजे, म्हणून त्याची जागा राउटर आणि बेडरूम यांच्या मध्यावर. फोनमध्ये वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅप घेऊन बघा: सिग्नलची ताकद (डीबीएममध्ये) उणे ५०च्या आसपास उत्तम, उणे ६७पर्यंत व्हिडिओ नीट चालतो, उणे ७५च्या खाली गेलात की अडखळणं सुरू.

सेटिंगमध्ये तीन गोष्टी तपासा. २.४ गिगाहर्ट्‌झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि रुंदी २० मेगाहर्ट्‌झ. सिडकोसारख्या दाट वस्तीत पंधरा-वीस शेजाऱ्यांचे राउटर एकाच वेळी ऐकू येतात. तिथे ४० रुंदी ठेवणं म्हणजे जास्त शेजाऱ्यांशी टक्कर. दुसरं, टीव्ही, लॅपटॉप आणि नवे फोन पाच गिगाहर्ट्‌झवर टाका, रुंदी ८०. तिसरी गोष्ट सहसा कोणी बघत नाही: सुरक्षेच्या रकान्यात टीकेआयपी ही जुनी पद्धत निवडलेली असेल तर वायफाय ५४ मेगाबिटच्या वर जातच नाही आणि हातात त्याच्या निम्मंही येत नाही. तिथे डब्ल्यूपीए-२ आणि एईएस हवं.

[दृश्य: पाथर्डी फाटा. खांबांवरून गेलेल्या काळ्या फायबर, पावसात लोंबणारी जॉइंट पेटी.]

केबलवरही वेग कमी असेल, तर राउटरच्या पलीकडे जायचं.

फायबरच्या डब्यावर एलओएसचा दिवा लाल असेल तर प्रकाश पोचतच नाही. ते लाइनमनचं काम. दिवा ठीक असेल तर डब्याच्या सेटिंगमध्ये आरएक्स पॉवर, म्हणजे डब्यापर्यंत पोचलेल्या प्रकाशाची ताकद बघा. उणे १५ ते उणे २५ डीबीएम असेल तर निर्धास्त राहा. उणे १८ आणि उणे २४, दोन्हींवर वेग सारखाच मिळतो. इथे गल्लत होते, कारण फायबर वायफायसारखी हळूहळू मंदावत नाही. उणे २७च्या पुढे मात्र डबा प्रकाश वाचताना चुकू लागतो, पॅकेट हरवतात, पुन्हा पाठवावी लागतात आणि नेट कधी चालतं, कधी अडतं. दर तीन डीबीच्या घटीला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे उणे २१वरून उणे २७ झालं तर पूर्वीचा चौथा हिस्साच उरला.

घट येते कुठून? घराच्या आत बहुधा वळणातून. कपाट भिंतीला टेकवताना मागे दुमडलेली फायबर, खिडकीच्या सरकत्या चौकटीत चेपलेली फायबर. जुन्या प्रकारच्या तारेचं वळण तीन सेंटिमीटर त्रिज्येच्या आत नको, नव्या प्रकाराला एक सेंटिमीटरपर्यंत चालतं. तुमच्याकडे कोणती आहे हे सांगता येत नसेल तर मोठंच वळण द्या. दुसरं कारण कनेक्टर. हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. हिरवा निळ्यात बसतो, पण दोन टोकांमध्ये हवेची फट राहते आणि प्रकाश वाया जातो. टोकावर बोट लागलं तरी तेलकट डाग पुरतो. ते फक्त क्लीनर पेनने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसायचं. त्यात डोळा घालून बघू नका, आतला लेझर दिसत नाही पण असतो.

घराबाहेर पाऊस आणि खोदकाम. जूननंतर जॉइंट पेटीत पाणी शिरतं, फांद्यांनी तार ओढली जाते. सिंहस्थाच्या आधी रस्त्यांची आणि गटारांची कामं निघतात, तेव्हा जेसीबीच्या फाळाखाली केबल येते आणि घाईत केलेला जोड पुढे महिनोन्‌महिने त्रास देतो. "उणे १९ होतं, खोदकामानंतर उणे २६ झालं" एवढं सांगता आलं तर लाइनमन थेट त्या जोडाकडे जातो.

[दृश्य: अपार्टमेंटचा जिना. मीटरच्या पेटीशेजारी धुळीने माखलेला स्विच.]

काही इमारतींत फायबर खालपर्यंतच येते. जिन्याखालच्या स्विचमधून (एका लाइनच्या अनेक जोडण्या करणाऱ्या डब्यातून) प्रत्येक फ्लॅटला लॅन केबल जाते. सकाळी सहाला ९० आणि रात्री नऊला १२, हे रोज घडत असेल तर लाइन गर्दीत अडकते आहे. स्विचचं कंपनीच्या लाइनला जोडलेलं पोर्ट १०० मेगाबिटचं असेल आणि फ्लॅट बारा असतील, तर रात्री सगळे एकदम बसल्यावर वाटणी तेवढीच येणार. सोसायटीने मिळून मागणी केली तर स्विच बदलून मिळतो. गच्चीवरून गेलेली लॅन केबल १०० मीटरच्या आत आहे का, तेही बघा.

आणखी एक दोष वेगाच्या आकड्यात दिसत नाही. स्पीड टेस्ट १०० दाखवते, तरी व्हिडिओ कॉल तुटतो. घरातून मुंबईच्या सर्व्हरला पिंग करून, म्हणजे छोटा संदेश जाऊन यायला किती मिलिसेकंद लागतात ते बघा. नाशिक ते मुंबई सुमारे १७० किलोमीटर, काचेतून प्रकाशाला किलोमीटरला पाच मायक्रोसेकंद, म्हणजे जाऊन-येऊन दोन मिलिसेकंदही लागत नाहीत. मधली यंत्रं धरून दहा-पंधरापर्यंत ठीक. तोच आकडा अधूनमधून २००-३०० होत असेल तर बहुधा घरातूनच काहीतरी अपलोड होतंय. फोनचे फोटो ढकलणारा बॅकअप किंवा पार्किंगमधले चार कॅमेरे. अपलोड भरला की राउटरमध्ये रांग लागते आणि तुमचा आवाज रांगेत उभा राहतो. बॅकअप रात्री दोनला लावा, कॅमेऱ्यांचा दर्जा कमी करा, राउटरमध्ये क्यूओएस (कोणाला किती वेग ते ठरवणारी सोय) असेल तर अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ टक्क्यांवर ठेवा.

[दृश्य: वहीतल्या नोंदी. वेळ, सर्व्हर, केबलवरचा वेग, आरएक्स पॉवर.]

तक्रार करायची ती या वहीसकट. आधी प्लॅनची अट वाचा, ठरलेला डेटा संपल्यावर वेग उतरवतात का ते बघा. सरकारी व्याख्येत २०२३ पासून २ एमबीपीएस मिळालं तरी ते ब्रॉडबँडच, त्यामुळे बोलायचं ते तुमच्या प्लॅनच्या आकड्यावर. तक्रारीचा डॉकेट नंबर घ्या. तो बंद केला आणि दोष तसाच राहिला, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क अपील करता येतं.

लाइनमन आला की त्याला केबलवरचे आकडे दाखवा आणि दुरुस्तीनंतर त्याच्यासमोरच केबलवर पुन्हा मोजा. दोष रात्रीच्या गर्दीचा असेल तर रात्री नऊची चाचणी झाल्याशिवाय तक्रार बंद करायचा ओटीपी देऊ नका.