कोण मेलं आणि कोणी मारलं?

नमस्कार, श्रोतेहो.

युद्धातल्या बळींची बातमी देशागणिक बदलते. मृतदेह आपल्या माणसाचा की शत्रूचा, यावर बरंच काही ठरतं.

अमेरिकेच्या ‘लाइफ’ साप्ताहिकाने फेब्रुवारी १९४३मध्ये रणगाड्यावर ठेवलेलं जपानी सैनिकाचं जळकं मुंडकं छापलं. आपल्या मृत सैनिकांची छायाचित्रं छापायला मात्र सेन्सॉरची मनाई होती. ती उठल्यावर सप्टेंबरात त्याच साप्ताहिकाने न्यू गिनी बेटावरच्या बुनाच्या किनाऱ्यावर पडलेले तीन अमेरिकी सैनिक दाखवले. वाळूत अर्धवट रुतलेले, आणि एकाचाही चेहरा दिसत नाही. पुढे १९९१पासून २००९पर्यंत अमेरिकेतल्या डोव्हर हवाई तळावर उतरणाऱ्या सैनिकांच्या शवपेट्यांची छायाचित्रं घ्यायलाही पत्रकारांना बंदी होती.

मार्च २००३मध्ये कतारच्या ‘अल जझीरा’ वाहिनीने इराकने पकडलेले अमेरिकी सैनिक दाखवले. जिनिव्हा कराराचा भंग झाला, असं अमेरिकेने बजावलं. १९४९च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचं कलम १३ युद्धकैद्यांना लोकांच्या कुतूहलाचा विषय करू नका, असं सांगतंच. पण शरण आलेल्या इराकी सैनिकांचे चेहरे त्याच दिवसांत अमेरिकी पडद्यावर दिसत होते! कलम दोघांनाही सारखंच लागू होतं.

चित्र लपवता येतं, तसा शब्दही. मार्च २०२२मध्ये रशियात सैन्याबद्दल ‘खोटी माहिती’ पसरवल्यास १५ वर्षांपर्यंत कैदेचा कायदा झाला. युक्रेनमधल्या लढाईला ‘युद्ध’ म्हणू नका, असं माध्यमांना आधीच बजावलेलं होतं. आता युद्धच नाही म्हटल्यावर युद्धाचे बळी बातमीत यायचे कुठून?

म्हणून बातमी ऐकताना क्रियापद पकडा. ‘विमानांनी बॉम्ब टाकून बारा जणांना मारलं’ यात मारणारा दिसतो. ‘स्फोटात बारा जण दगावले’ म्हटलं की तो गायब होतो. आपल्या भाषेतही आपला सैनिक ‘हुतात्मा’ होतो आणि समोरच्याला ‘कंठस्नान’ घातलं जातं. दोन्ही ठिकाणी गेलेला असतो माणूसच. मग नाव, वय, कामधंदा कोणाचा सांगितला आणि कोणाचा नुसता आकडा आला, तेही पाहा.

आकड्यांत एक चूक वारंवार होते, आणि ती फार जड पडते. इंग्रजी बातमीतल्या ‘कॅज्युअल्टीज’मध्ये मृत आणि जखमी दोन्ही येतात. घाईत त्याचं ‘बळी’ असं भाषांतर झालं, की जिवंत जखमीही मेलेल्यांत जमा होतात. ‘हताहत’ हा आपला शब्द इथे नेमका बसतो: हत म्हणजे मारले गेलेले, आहत म्हणजे जखमी.

पहिल्या काही तासांतला आकडा तर कच्चाच समजा. ढिगाऱ्याखालचे त्यात आलेले नसतात, आणि एका रुग्णालयातून दुसऱ्यात हलवलेला माणूस दोनदा मोजला गेलेला असू शकतो. तेव्हा आकडा ऐकलात की तो कोणी दिला, हेही त्याच वाक्यात शोधा: सैन्याने, रुग्णालयाने, की स्वतः जाऊन मोजणाऱ्या बातमीदाराने?