एका मिलिमीटरचा आटा

समोर दिसते आहे ती प्यूजो कंपनीची पीएक्स-१० ही शर्यतीची सायकल. हिच्या नळ्या इंग्लंडच्या रेनॉल्ड्स ५३१ पोलादाच्या आहेत, पण त्या फ्रेंच मापात काढलेल्या आहेत. सीटखालची नळी २८ मिलिमीटरची आहे, इंग्रजी मापाची असती तर २८.६ भरली असती. फ्रान्सने मेट्रिक पद्धत सायकलीच्या आट्याआट्यापर्यंत नेली. पुढे, १९८०च्या दशकात, फ्रेंच कारखानेही बाकीच्या जगाच्या मापांकडे वळले आणि या सायकलींना सुटे भाग मिळणे अवघड होत गेले.

खरी परीक्षा होते ती क्रँकचा, म्हणजे पेडलच्या दांड्याचा आस ज्या नळकांड्यात फिरतो, त्या बॉटम ब्रॅकेटपाशी. त्याच्या दोन्ही तोंडांना आस धरून ठेवणारा एकेक आट्यांचा कप बसतो. इंग्रजी कपाचा व्यास सुमारे ३४.८ मिलिमीटर असून त्यावर इंचाला २४ आटे असतात, तर फ्रेंच कप ३५ मिलिमीटरचा असून त्यावर दर मिलिमीटरला एक आटा असतो. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, हाताला मात्र तो लगेच कळतो, कारण परका कप आधी डुगडुगत आत शिरतो आणि मग एकाएकी अडतो. तिथेच थांबावे, पान्याचा जोर लावला, तर फ्रेमचेच आटे मरतात. शिवाय इंग्रजी सायकलीत उजव्या कपाचे आटे उलटे असतात, फ्रेंच सायकलीत दोन्हीकडचे सुलटे. हे ठाऊक नसलेला माणूस उजवा कप काढण्याच्या नादात तो अधिकच आवळत राहतो. मोटोबेकानच्या १९७०च्या दशकातल्या बऱ्याच सायकलींत तर स्विस माप आहे, म्हणजे व्यास फ्रेंच आणि उजवीकडचे आटे उलटे. म्हणून कंपनीच्या नावावर विसंबून कप मागवू नये, निघालेला कप हाती घेऊन मोजावा.

हँडलचा स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा दांडा, इंग्रजी २२.२ऐवजी २२ मिलिमीटरचा लागतो. इंग्रजी स्टेम पॉलिश पेपरने बेताने घासून बसवता येतो, ठोकून मात्र कधीही बसवू नये. स्ट्राँगलाइट या फ्रेंच कंपनीच्या जुन्या क्रँकला २३.३५ मिलिमीटरचाच पुलर, म्हणजे क्रँक आसावरून ओढून काढायचे हत्यार, हवा. नेहमीचा २२ मिलिमीटरचा पुलर लावून ॲल्युमिनियमचे आटे उखडलेले क्रँक पाहिले, की जीव हळहळतो.

आता हा जुन्या साठ्यातला फ्रेंच कप पाहा. ग्रीस लावून तो नुसत्या बोटांनी फिरवला आहे. तीन फेऱ्या झाल्या, चार झाल्या, आणि पाना अजून बाकावरच आहे.