लागोसमधली ब्राझिलियन घरं

श्रोतेहो, नमस्कार. नायजेरियातलं लागोस म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती गर्दी आणि तुंबलेली वाहतूक. आज मात्र मी तुम्हाला लागोस बेटावरच्या जुन्या वस्तीत, ब्राझीलहून परतलेल्यांच्या पोपो आगुडात नेणार आहे.

1835 साली ब्राझीलमधल्या बाहियात आफ्रिकी मुसलमान गुलामांनी उठाव केला. तो चिरडला गेला. त्यानंतर हद्दपार झालेले, पैसे साठवून स्वतःला सोडवून घेतलेले असे कितीतरी जण समुद्र ओलांडून पश्चिम आफ्रिकेत परतले. दा सिल्वा, परेरा, दा कोस्टा... गोव्यातल्या श्रोत्यांना ही आडनावं घरचीच वाटतील! नावांबरोबर त्यांनी आणलं गवंड्याचं आणि सुताराचं कसब. कमानदार खिडक्या, गिलाव्यातली नक्षी, माडीची घरं. जुआंव बाप्तिस्ता दा कोस्टा याने बांधलेली शिट्टा-बे मशीद 1894 साली खुली झाली. शेजारच्या बेनिनमध्ये, पोर्टो-नोव्होला तर अशी मशीद आहे, की लांबून बघणारा तिला बाहियातलं चर्चच समजेल.

पण दर्शनी भिंतीचे फोटो काढून शहर कळत नाही. काकावा रस्त्यावरचं ‘वॉटर हाउस’ घ्या. दा रोशा कुटुंबाने तिथे विहीर खणली आणि शेजारपाजारी पाणी विकलं. नळ येण्याआधीच्या लागोसची तहान त्या अंगणात समजते. गुड फ्रायडेला या मंडळींच्या घरी फ्रेजोन शिजतं, म्हणजे घेवड्यासारखं कडधान्य शिजवून, वाटून, नारळाच्या दुधात घोटलेलं. माझ्या मते अभ्यासकाच्या वहीत कमानीच्या मापाशेजारी याचीही नोंद हवी.

आता टिनुबू चौकातल्या इलोजो बारकडे येऊ. 1855 सालची ही इमारत फर्नांडेझ कुटुंबाची. पुढे 1933 साली ती ओलैया कुटुंबाने विकत घेतली. 1956 साली ती राष्ट्रीय स्मारक झाली आणि सप्टेंबर 2016 मध्ये जमीनदोस्त. स्मारकाचा दर्जा मिळाला म्हणून गळकं छप्पर थांबत नाही. वडिलोपार्जित घराला वारस अनेक, दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यावर एकमत नाही, आणि बेटावरच्या जागेला सोन्याचा भाव. मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. म्हणून अशा घरात शिरणाऱ्या अभ्यासकाने मोजपट्टी काढण्याआधी सातबारा कोणाकोणाच्या नावावर आहे, भाडेकरू कोण, भाडं कोणाच्या हाती जातं, हे विचारावं. पाडापाडीचं कारण बहुतेकदा तिथेच सापडतं.